अक्षरांची जागा आणि शब्दांचा शोध

शब्दकोश आद्याक्षरावरून उघडतो. पहिले अक्षर ठाऊक असणाऱ्यास तो तत्काळ उत्तर देतो. परंतु ‘ज्याच्या शेवटी जे हे अक्षर आहे असा शब्द हवा’ असे म्हणणाऱ्यापुढे तो मूक राहतो. इंग्रजी शब्दखेळ खेळणाऱ्याची गरज नेमकी या दुसऱ्या प्रकारची असते. हा शोध कसा करावा, याविषयी यंदा लिहावे असे मी ठरविले, त्याला एक लहानशी घटना निमित्त झाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेच्या ग्रंथालयात मुलांसाठी स्क्रॅबलचा पट मांडला होता. बाहेरून आलेली इंग्रजी माध्यमाची तीन मुले आणि आपला सातवीतील एक विद्यार्थी असा डाव होता. आपला विद्यार्थी प्रत्येक पाळीला तीन अक्षरांचा एखादा सोपा शब्द मांडून मान खाली घालीत असे. जे हे अक्षर त्याच्याजवळ बराच वेळ अडकून पडले होते. इतर मुले हसत होती. ते हसू आपल्या शब्दांना नसून आपल्या शाळेला आहे, हे त्याला कळत असावे. पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी या खेळाची घडण थोडी सांगितली पाहिजे.

आल्फ्रेड मोशर बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाचे काम महामंदीच्या काळात सुटले. त्याने वर्तमानपत्रांची पाने समोर घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजदाद केली आणि तिच्या आधारे 1938 साली हा खेळ सिद्ध केला. ‘स्क्रॅबल’ हे नाव त्याला 1948 साली जेम्स ब्रूनो याने दिले. खेळात एकूण 100 सोंगट्या असतात. त्यांत ई 12, ए आणि आय प्रत्येकी 9. उलट जे, एक्स, क्यू, झेड ही अक्षरे एकेकच. क्यू आणि झेड यांना 10 गुण, जे आणि एक्स यांना 8. एस हे अक्षर इंग्रजीत विपुल असूनही त्याच्या सोंगट्या चारच ठेविल्या आहेत, कारण शब्दापुढे एस ठेवून अनेकवचन साधणे फारच सोपे झाले असते.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक भाषेत अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात. गाण्याच्या भेंड्या खेळताना ‘ळ’ आला की आपण निमूटपणे ‘ल’ घेतो, कारण मराठी शब्दाचा आरंभ ‘ळ’ने होत नाही. इंग्रजीतही असेच आहे, फक्त ते आपल्याला कोणी शिकवीत नाही. व्ही हे अक्षर सहसा शब्दाच्या शेवटी येत नाही. पूर्वी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची रूपे होती, त्यामुळे व्यंजन ओळखू यावे म्हणून पुढे ई लावण्याची रीत पडली. ‘हॅव’, ‘गिव’, ‘लव’ यांच्या शेवटचा मुका ई हा त्याचाच अवशेष. दोन अक्षरी शब्दांत तर व्ही सापडतच नाही.

क्यूची कथा अधिक मनोरंजक आहे. प्राचीन इंग्रजीत ‘क्वीन’ हा शब्द सी आणि डब्ल्यू घालून लिहीत. 1066 सालच्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तेथे क्यू आणि यू आणले, आणि तेव्हापासून यू हा क्यूचा सोबती झाला. मग हाती यू नसताना क्यू आला तर काय करावे? अशा वेळी इंग्रजीत बाहेरून आलेल्या शब्दांकडे वळावे. फकीर, तलाक, निकाब, बुरखा, कव्वाली हे शब्द इंग्रजीत क्यू घालून, यूवाचून लिहिले जातात. अरबीतील ‘काफ’ या वर्णासाठी पंडितांनी क्यू हे चिन्ह योजले, म्हणून हे झाले. मराठीने त्याच वर्णाचा कधी ‘क’ केला, तर बुरख्यात ‘ख’ केला. चिनी ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, हा शब्द तर क्यू आणि आय या दोनच अक्षरांत बसतो.

जेचेही असेच. अस्सल इंग्रजी शब्दाच्या शेवटी जे येत नाही. ‘ब्रिज’, ‘पेज’ यांच्या उच्चारात ‘ज’ ऐकू येतो, पण लेखनात तेथे जी आणि ई असतात. आपल्या विद्यार्थ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने बराच विचार करून आर, ए आणि जे अशी तीन अक्षरे मांडली. ‘राज’. समोरच्यांनी तत्काळ हरकत घेतली : हा इंग्रजी शब्द नाही, हा तर आमच्या घरात बोलतात तो. मी कोश काढून मुलाच्याच हाती दिला. शब्द होता. दहा गुण झाले. मान वर करून त्याने विचारले, ‘सर, मग स्वराज?’ तोही होता.

एक साधी युक्ती त्या दिवशी मुलांना सांगितली. हाती आलेली अक्षरे वर्णानुक्रमे लावावीत. ‘लिसन’ या शब्दाची अक्षरे लावली तर ई, आय, एल, एन, एस, टी असा क्रम येतो. ‘सायलेंट’, ‘एन्लिस्ट’, ‘टिन्सेल’ यांचाही क्रम हाच. असे क्रम एका वहीत मांडून प्रत्येकापुढे त्याचे शब्द लिहीत गेले की कोशाला न येणारे उत्तर वही देऊ लागते. संगणक हेच काम क्षणार्धात करतो. पण वही स्वतः केलेल्याच्या बोटांत शब्द राहतात, असा माझा अनुभव आहे.

केवळ पाठांतरानेही खेळ जिंकता येतो, हे नाकारता येणार नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळविले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांच्या स्मरणशक्तीपुढे मी नतमस्तक आहे. परंतु शाळेतील मुलाला अर्थावाचून यादी देण्यास माझे मन धजत नाही. ‘तलाक’ क्यूने का लिहितात हे ज्याला कळले, त्याला तो शब्द पाठ करावा लागत नाही.

परवा तो विद्यार्थी वही घेऊन घरी आला होता. जेने संपणारे शब्द त्याने जमविले होते. राज, स्वराज, ताज, हाज. शेवटी जहाज. ते मात्र कोशात सापडले नाही. त्याने ते खोडले नाही. पुढे प्रश्नचिन्ह घातले आणि ‘मुंगूस’ इंग्रजीत मराठीतून गेला हे खरे का, असे विचारू लागला. पोर्तुगीजांच्या मार्गाने गेला, असे मी त्याला सांगितले.