विमान धावत पकडता येत नाही!

एसटीला हात दाखवला तर थांबते. लोकल पळत जाऊन पकडता येते. विमानाचं तसं नसतं. ते समोर उभं असतं आणि तरीही गेलेलं असतं!

पहाटेचे ५.२२. पुण्याचं लोहगाव विमानतळ. मी ट्रॉली ढकलत पुढे, आई लाडवांचा डबा छातीशी धरून मागे. धापा टाकत काउंटरवर पोचलो. तिथल्या मुलीने घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, ''सॉरी मॅडम, काउंटर बंद झालंय.''

''अहो, पण फ्लाइट ६.१० ची आहे!''

''फ्लाइट ६.१० ची. काउंटर ५.१० ला बंद.''

बारा मिनिटं. फक्त बारा मिनिटं!

आईचा तो आयुष्यातला पहिला विमानप्रवास होता. ताई बंगळुरूला असते, तिचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख आठ दिवसांनंतरची होती, त्यामुळे आपण आधीच जाऊन सगळी तयारी करू असा आईचा बेत. पण बाळाला तारीख कुणी सांगितली नव्हती. साडेसातला भाऊजींचा फोन आला की ताईला अॅडमिट केलंय. पावणेअकराला दुसरा फोन आला, मुलगी झाली! आई तेव्हा विमानतळावरच्या खुर्चीत बसली होती. दुपारच्या फ्लाइटची वाट बघत. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. ती मला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. आमची ६.१० ची फ्लाइट मिळाली असती तर ती ताईपाशी असती.

चूक कुणाची? शंभर टक्के माझी. मी वेब चेक-इन केलं होतं, सीट मिळाली होती, बोर्डिंग पास मोबाइलमध्ये होता. मला वाटलं, झालं की काम! एका कॅबने बुकिंग रद्द केलं, दुसरी उशिरा आली. नळ स्टॉपपर्यंत पोचलो तर आईला आठवलं, डबा ओट्यावरच राहिला. परत फिरलो. 'तासभर आधी पोचलो तरी पुष्कळ झालं' या भ्रमात मी निवांत होते. ज्यांच्या घरचं कुणी येत्या काही दिवसांत विमानात बसणार आहे, त्यांनी माझ्या चुकीचा फायदा करून घ्यावा म्हणून हा सगळा प्रपंच.

उलटं मोजा

तिकिटावर छापलेली वेळ ही विमानाची असते. आपली वेळ ती नव्हेच. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांचं चेक-इन आणि बॅगा घेण्याचं काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. बोर्डिंग गेट साधारण २५ मिनिटं आधी. वेब चेक-इन केलं म्हणून यात सूट मिळत नाही. बॅग द्यायची असेल तर काउंटरची वेळ पाळायलाच हवी.

म्हणून हिशोब मागून पुढे करायचा. फ्लाइट ६.१० ची, म्हणजे काउंटर ५.१० ला बंद. बॅगेची रांग आणि दारावरची तपासणी धरून ४.१० ला विमानतळावर. कोथरूडहून पहाटे रस्ता मोकळा असला तरी कॅबचा घोळ धरून तीनलाच घर सोडायचं. हीच फ्लाइट संध्याकाळची असेल तर नगर रोड आठवा आणि आणखी एक तास वाढवा. परदेशी जाताना तीन तास आधी पोचणं हाच सरळ नियम.

आणि हो, रात्री बाराचा घोळ. १५ तारखेची ००.२० ची फ्लाइट म्हणजे १४ तारखेला रात्री जेवून निघायचं. १५ ला रात्री बॅगा घेऊन पोचलात, तर विमान उडून जवळजवळ २४ तास झालेले असतात. या खड्ड्यात भले भले पडतात.

नाव नीट लिहा

तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. आपल्याकडे ही भानगड हमखास होते. आधारवर लग्नानंतरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं आणि तिकीट काढणाऱ्या भाच्याने लिहिलेलं तिसरंच! तिकीट काढताना ओळखपत्र समोर ठेवा आणि त्यावरून अक्षरं उतरवा. चूक झालीच तर लगेच कंपनीला फोन करा. पहाटे काउंटरवर जाऊन 'अहो, मीच ती' म्हणण्यात अर्थ नाही. ओळखपत्र मूळ न्यायचं, मोबाइलमध्ये काढलेला त्याचा फोटो चालत नाही.

देशांतर्गत प्रवासासाठी 'डिजीयात्रा' हे अॅप कामाचं आहे. आधार आणि सेल्फीने एकदा नोंदणी केली, बोर्डिंग पास त्यात टाकला, की दारावर चेहरा दाखवून आत जाता येतं. पण नोंदणी घरी आरामात करा. विमानतळाच्या दारात उभं राहून ओटीपीची वाट बघणारे लोक मी पाहिलेत, त्यांची रांग बाकीच्यांपेक्षा मोठी असते! सोबतच्या आई-बाबांची नोंदणी त्यांच्याच फोनवर करून ठेवा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा.

नेमकं कुठे जायचंय?

पुण्यात नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. जवळचं मेट्रो स्टेशन रामवाडी, तिथून पुढे रिक्षा किंवा बस. पण मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, पहाटेच्या फ्लाइटला तिचा उपयोग नाही. परत येताना कॅब टर्मिनलच्या दारात शोधू नका, ती शेजारच्या एरोमॉलमध्ये मिळते.

मुंबईत जरा जास्तच सांभाळायला हवं. सांताक्रूझचं टी-१ वेगळं, सहारचं टी-२ वेगळं. एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. उलव्याऐवजी अंधेरीला पोचलात तर त्या दिवसाचा बेत संपलाच. पुणेकरांना मात्र नवी मुंबई सोयीची, एक्स्प्रेस-वे उतरलं की मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरावं लागत नाही. म्हणून तिकीट काढतानाच विमानतळाचं आणि टर्मिनलचं नाव वाचा आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा वाचा. जुन्या मुंबई विमानतळासाठी मेट्रो-३ हा मस्त पर्याय आहे. तिची टी-१ आणि टी-२ अशी दोन्ही स्टेशनं आहेत आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत धावते.

उतरल्यावरचं अंतरही धरा. बंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून जवळजवळ ३५ किलोमीटर. दुपारी विमान उतरलं तरी आईला नातीचं तोंड बघायला संध्याकाळ झाली.

वजनकाटा घरीच

देशांतर्गत इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोची बॅग आत देता येते आणि सोबत ७ किलोपर्यंतची एक हँडबॅग. तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा, कारण कंपनीनुसार फरक पडतो. दुपारच्या फ्लाइटसाठी आमची बॅग काट्यावर ठेवली तर साडेअठरा किलो! जास्तीच्या प्रत्येक किलोला काउंटरवर काही शे रुपये मोजावे लागतात. हेच वजन आधी ऑनलाइन घेतलं तर स्वस्त पडतं. बाजारात हुकाचा छोटा वजनकाटा मिळतो, तो घ्या. नाहीतर घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग बॅग घेऊन. उरलेला आकडा बॅगेचा. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर पैसे मोजूनही ती घेत नाहीत, दोन बॅगा कराव्या लागतात.

खोबरं, पॉवर बँक आणि अडकित्ता

मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ''आत सुकं खोबरं वगैरे?'' आई प्रामाणिकपणे म्हणाली, ''हो, अर्धा किलो.'' आईला वाटलं, हिला हवंय की काय!

खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून सुकं खोबरं धोकादायक मालात मोडतं आणि प्रवासी बॅगेत चालत नाही. बाळंतिणीच्या खाण्यासाठी आणलेलं आमचं खोबरं शेवटी झाडू मारणाऱ्या मावशींच्या घरी गेलं. लाडवांना मात्र कुणी हरकत घेतली नाही.

पॉवर बँकचं उलटं आहे. ती आत द्यायच्या बॅगेत अजिबात ठेवायची नाही, कारण लिथियम बॅटरीने पोटात पेट घेतला तर तिथे विझवायला कुणी नसतं. ती हँडबॅगेतच ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंतची परवानगीशिवाय चालते. नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे बसते नियमात. कात्री, सुरी, विळी, अडकित्ता हे सगळं आतल्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर घरीच. परदेशी जाताना हँडबॅगेतल्या प्रत्येक द्रवाची बाटली १०० मिलिलिटरच्या आतली हवी. औषधं, दागिने, लॅपटॉप आणि कागदपत्रं मात्र कायम जवळ ठेवा. बॅग हरवली तर भरपाईला मर्यादा असते आणि आईच्या पाटल्यांना नसते!

बॅग आलीच नाही तर?

पट्ट्यावर सगळ्याच ट्रॉल्या काळ्या. आईने आमच्या बॅगेला जुन्या इरकलीचा काठ बांधला होता. मी आधी हसले होते, पण बंगळुरूला तीच बॅग लांबून ओळखू आली. निघण्याआधी बॅगेचा एक फोटो काढा आणि काउंटरवर मिळालेली चिठ्ठी जपून ठेवा. बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या बॅगेज काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा. तिला 'पीआयआर' म्हणतात आणि तिचा नंबर घेतल्याशिवाय हलू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते.

उशीर त्यांचा असेल तर

आपण वेळेत पोचलो आणि विमानच रखडलं, तर आपले हक्क सुरू होतात. अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत फ्लाइटला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते. लाजू नका, मागा. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे तुम्हाला उतरवलं आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं नाही, तर भरपाई मिळते. पण अट एकच, तुम्ही काउंटरवर वेळेत पोचलेले असायला हवं. सगळं पुन्हा तिथेच येतं.

आणि विमान आपल्यामुळेच चुकलं तर? भाडं बहुधा बुडतं, पण तिकिटात धरलेले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. अर्ज करायचा. आमचं काही शे रुपये परत आले. त्या दिवशी घेतलेलं दुपारचं तिकीट जवळजवळ तिप्पट पडलं होतं, त्यापुढे ते काहीच नव्हतं. आणि आईची ती सकाळ तर कुठल्याच अर्जाने परत येणार नव्हती.

भाची आता रांगायला लागलीय. आई त्यानंतर तीनदा बंगळुरूला जाऊन आली, एकटी. डबा आदल्या रात्रीच बॅगेत असतो. घरातलं कुणीही विमानाने निघालं की आदल्या संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. ''फ्लाइट किती वाजता?'' असं ती विचारतच नाही.

ती विचारते, ''तुझं काउंटर किती वाजता बंद होतं?''