स्फटिकांतील रिकाम्या खोल्या

मोरचुदाच्या द्रावणांत दोरा सोडून निळा स्फटिक वाढविण्याचा प्रयोग आपल्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांनीं केलेला असेल. त्या स्फटिकांत अणु इतके दाटीनें बसलेले असतात कीं, बाहेरच्या पाहुण्यास आंत पाय ठेवावयासही जागा नसते. परंतु गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनीं असे स्फटिक घडविले आहेत कीं, त्यांचा पुष्कळसा भाग निव्वळ पोकळ आहे. त्यांस धातु-सेंद्रिय चौकटी म्हणतात. त्यांच्या शोधाबद्दल रिचर्ड रॉब्सन, सुसुमु कितागावा व ओमर याघी ह्या तिघांना इ. स. २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या कथेचा आरंभ शिकविण्याच्या कामांतून झाला, म्हणून ती सांगतांना मजसारख्या शिक्षकास अंमळ अभिमान वाटतो. इ. स. १९७४ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न विद्यापीठांत रॉब्सन हे विद्यार्थ्यांकरितां रेणूंचे लांकडी नमुने तयार करवीत होते. गोळा म्हणजे अणु व काडी म्हणजे बंध. गोळ्यांस भोंकें विद्यापीठाच्या कारखान्यांत पाडावयाचीं होतीं. पण तीं वाटेल तेथें पाडून चालत नाहीं, कारण प्रत्येक अणूचे बंध ठराविक दिशांनाच जातात. म्हणून रॉब्सन यांनीं भोंकांच्या जागा खुणा करून दिल्या. पुढें गोळे हातीं आल्यावर काड्या खोंचून पाहतात तों रेणूंना योग्य आकार आपोआप येऊं लागला! आकाराची सारी माहिती त्या भोंकांच्या जागांतच दडलेली होती. मग लांकडी गोळ्यांऐवजीं खरे अणु व काड्यांऐवजीं खरे रेणु घेतले तर? दरसाल नमुने बाहेर काढतांना हा विचार त्यांच्या मनांत येई. तरी तो करून पाहण्यापूर्वीं दहांहून अधिक वर्षें लोटलीं.

हिऱ्यांत प्रत्येक कर्बाचा अणु चार शेजाऱ्यांचे हात धरून असतो. रॉब्सन यांनीं कर्बाऐवजीं तांब्याचे विद्युद्भारित अणु घेतले व चार भुजांचा एक सेंद्रिय रेणु त्यांस जोडला. ह्यांतून पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता निघण्याचाच संभव अधिक होता. निघाला तो हिऱ्याच्या घडणीचा, पण आंतून प्रशस्त असा स्फटिक. हें १९८९ सालीं प्रसिद्ध झालें.

खरी अडचण पुढेंच होती. चौकट द्रावणांत वाढते, तेव्हां तिच्या पोकळ्या द्रावकानें भरलेल्या असतात. तो काढून घेतला कीं, घर कोसळून पडे. पाहुणे गेले कीं भिंती ढासळाव्या, अशा घराचा उपयोग काय? १९९७ सालीं जपानांत कितागावा यांनीं चौकटी वाळवून त्यांत वायु भरून दाखविले. १९९९ सालीं अमेरिकेंत याघी यांनीं एमओएफ-५ पुढें आणला.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. जस्ताचे चार अणु मध्यें प्राणवायूचा एक अणु घेऊन गुच्छ करतात. हा घराचा कोपरा. तुळई टेरिफ्थॅलिक अम्लाची. पॉलिएस्टरचा धागा ज्यापासून करतात, तेंच हें अम्ल. प्रत्येक कोपऱ्यापासून वर, खालीं व चार बाजूंस अशा सहा तुळया निघतात, व घनाकृति खोल्यांची रांगच्या रांग उभी राहते. जस्ताचें नायट्रेट व हें अम्ल द्रावकांत सावकाश संयोग पावूं द्यावें लागतें. घाई केली तर मोठ्या स्फटिकांऐवजीं भुकटी हातीं येते. मग स्फटिकावर क्ष-किरण सोडून, ते कोणत्या दिशेस किती तीव्रतेनें विखुरतात, ह्यावरून गणितानें अणूंच्या जागा काढतात. १९१३ सालीं धाकट्या ब्रॅगनें मिठाची रचना ह्याच मार्गानें उलगडली होती.

रिकामा एमओएफ-५ ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला तरी कोसळत नाहीं. त्याच्या दोन-तीन ग्रॅमच्या आंतील भिंती पसरल्या, तर फुटबॉलचें मैदान झांकेल!

पालकांनीं एक गोष्ट अवश्य वाचावी. याघी यांचा जन्म १९६५ सालीं जॉर्डनमधील अम्मान येथें निर्वासित कुटुंबांत झाला. सारें कुटुंब एका खोलींत राही. वीज नाहीं, नळ नाहीं. दहाव्या वर्षीं शाळेच्या ग्रंथालयांत त्यांस रेणूंचीं चित्रें असलेलें पुस्तक सांपडलें. ह्याच मुलानें पुढें ॲरिझोनाच्या वाळवंटांत कोरड्या हवेंतून पाणी काढून दाखविलें: रात्रीं चौकट हवेंतील बाष्प शोषून घेते, दिवसा उन्हाच्या उष्णतेनें तें सोडते, व त्याचें पाणी भांड्यांत जमतें.

एमओएफ-५ ला मात्र हें काम सांगतां येत नाहीं. दमट हवेंत त्याची चौकट मोडते. आपल्या कोंकणच्या पावसाळ्यांत उघडा ठेवला, तर बिचाऱ्याचा निभाव लागावयाचा नाहीं.