इंटरकूलर बदलण्याआधी तेलाचे मूळ शोधा

सायखेडा (ता. निफाड) : गोदाकाठच्या शेतरस्त्यांवर धावणाऱ्या डिझेल जीपची ओढ कमी झाली आणि काळा धूर वाढला, की संशय इंटरकूलरवर जातो. तो घरीही बदलता येतो. मात्र बिघाडाचे मूळ तपासले नाही, तर नवा इंटरकूलरही लवकरच खराब होतो.

टर्बोचार्जरने दाबलेली हवा १०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. इंटरकूलर ती थंड करतो. थंड हवेत प्राणवायू अधिक मावतो, त्यामुळे इंधन पूर्ण जळते.

जाळीवर बाहेरून चिखल बसला असेल, तर कमी दाबाच्या पाण्याने धुणे पुरते. आतून तेल साचले असल्यास इंजिन थंड झाल्यावर दोन्ही नळ्यांचे क्लॅम्प सैल करून, बोल्ट काढून इंटरकूलर उतरवावा. आत तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. परंतु तेल ओघळू लागले, तर टर्बोचे सील किंवा इंजिनाची ब्रीदर नळी तपासून घ्यावी. नळ्यांतील तेलही पुसून काढावे. तोंडाशी लावलेली फडकी जोडणीपूर्वी आठवणीने काढावीत.

साचलेल्या तेलाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. ते इंजिनात ओढले गेल्यास इंधनासारखे जळते आणि इंजिन बेफाम फिरू लागते. चावी बंद करूनही ते थांबत नाही, कारण चावीने फक्त डिझेल तुटते, तेल नव्हे. म्हणून सील गळत असल्यास गाडी सुरू न करता कारागिराला बोलावणेच शहाणपणाचे.