वाळूतले शेवटचे पन्नास मीटर

जून २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि तो ज्यांच्या आयुष्यावर आहे त्या मुरलीकांत पेटकरांचं नाव नागपूरच्या चित्रपटगृहांतून घराघरांत गेलं. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या एका बातमीकडे इथे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये पॅरा-क्लाइंबिंगला जागा मिळाली, पॅरा-सर्फिंगला मिळाली नाही. दोन्ही खेळ शेवटच्या यादीत होते. सर्फिंगच्या बाबतीत खर्चाचं आणि गुंतागुंतीचं कारण पुढे आलं. ऑलिम्पिकचं सर्फिंग मात्र त्याच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर होणार आहे. म्हणजे लाटा त्याच, किनाराही तोच. पाय किंवा हात गमावलेल्या खेळाडूला तेवढी तिथे जागा नाही.

समुद्रापासून इतक्या दूरच्या नागपूरकरांनी याचं दुःख का करावं? पाण्यात उतरलेल्या अपंग खेळाडूंना या राज्याने आणि देशाने कसं वागवलं, याचा हिशेब मांडला की उत्तर मिळतं. त्या हिशेबात नागपूरचंही एक पान आहे.

सुरुवात पेटकरांपासूनच करायला हवी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि शरीराचा खालचा भाग अधू झाला. उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं त्यांना १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला घेऊन गेलं. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करत त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीत. मधल्या काळात समित्या बदलल्या, मंत्री बदलले, अर्ज फिरत राहिले. त्या वर्षांबद्दल अधिक काही लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते २०१५ नंतरचं दशक. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे अपंगांच्या सर्फिंगची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १८ देशांचे ६९ जण आले होते. गुडघ्याच्या वरून पाय गेलेले काही जण कृत्रिम पाय वाळूत ठेवून गुडघ्यावर बसून लाट पकडतात. गुडघ्याखालून पाय गेलेले उभे राहतात. पण त्यांना रोजच्या चालण्याचा पाय उपयोगाचा नसतो. खारं पाणी धातू खातं, वाळू सांध्यात अडकते, आणि फळीवर वाकून तोल सांभाळायचा तर घोटा नेहमीपेक्षा जास्त वाकावा लागतो. ज्यांचे पाय चालतच नाहीत ते पालथे झोपून, किंवा बसून हातात वल्हं घेऊन लाटेवर जातात. काहींना फळीवर चढवायला आणि लाट संपल्यावर उचलायला माणसं लागतात. स्पर्धेचे गट याच फरकांवर ठरतात. २००३ मध्ये हवाईत शार्कच्या हल्ल्यात डावा हात गमावलेली तेरा वर्षांची बेथनी हॅमिल्टन महिन्याभरात पुन्हा लाटेवर गेली होती. तिच्या वडिलांनी फळीला एक मूठ बसवून दिली, म्हणजे लाटेखालून जाताना एका हाताने फळी दाबून धरता येईल. या खेळातले बरेचसे शोध असेच घरातल्या घरात लागलेले आहेत.

पाण्यात टिकणाऱ्या पायाचं ज्ञान आपल्याला नवं नाही. जयपूरच्या रामचंद्र शर्मांनी आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी १९६८ च्या सुमारास रबराचा पाय घडवला, तो चिखलात उभं राहणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसासाठी. ओल्या शेतात भात लावणाऱ्याला पाय देऊ शकणाऱ्या देशाला समुद्रात उतरणारा पाय बनवणं जड जायला नको होतं.

२०१५ च्याच ३ डिसेंबरला देशात सुगम्य भारत अभियान सुरू झालं. पुढच्या वर्षी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं तिसावं कलम खेळाबद्दल आहे: अपंगांना खेळात भाग घेता यावा म्हणून सोयी उभारणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्या दोन-तीन वर्षांत एक उमेद होती. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचा सुयश जाधव लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात कोपराखालून गमावून बसला होता. २०१६ मध्ये तो रिओच्या पॅरालिम्पिकला पोचला आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेऊन आला. जलतरणपटू पाणी मागे ढकलतो ते मुख्यतः पंजाने आणि कोपराखालच्या हाताने. ते दोन्ही नसताना खांदे, कंबर आणि पाय यांच्या जोरावर बटरफ्लाय मारायचा म्हणजे काय, हे पाण्यात उतरलेल्या कुणालाही कळेल.

आणि नागपूर? रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारी, जन्मापासून दृष्टी नसलेली जलतरणपटू कांचनमाला पांडे २०१७ च्या जुलैत बर्लिनच्या स्पर्धेला गेली. मंजूर झालेला पैसा तिच्या हाती पडलाच नाही. तिला कर्ज काढावं लागलं, परक्या शहरात ट्रामच्या तिकिटावरून दंड झाला, आणि तरीही ती रौप्यपदक घेऊन परतली. डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटीच्या जागतिक स्पर्धेत तिने २०० मीटर वैयक्तिक मेडलेचं सुवर्ण जिंकलं. तिच्या गटात सगळ्यांना काळा चष्मा लावावा लागतो. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीने डोक्यावर टकटक करतो, तेवढाच इशारा. बर्लिनच्या प्रकरणात पैसे कुणी अडवले यावर संस्था एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. या शहराने तेव्हा सत्कार केले. त्याबरोबर जाब विचारला असता तर तिच्यामागून येणाऱ्यांची वाट सोपी झाली असती.

ती उमेद पुढे ओसरली. २०२० च्या टाळेबंदीत जलतरण तलाव बंद झाले, आणि ज्यांच्यासाठी पोहणं हाच व्यायाम, तेच उपचार, त्यांचे स्नायू आखडले. इतर राज्यांत मात्र काही ना काही घडत होतं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी लाकडी वाट उघडली. डिसेंबरच्या मंदौस चक्रीवादळाने ती मोडली, आणि तिथल्या प्रशासनाने ती दुरुस्त केली. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यात अपंगांसाठी पहिला पर्पल फेस्ट भरला. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे. त्यावर मरीनासारखी कायमची वाट ही अजूनही मागणी करण्याचीच गोष्ट राहावी, याचं खरोखर वाईट वाटतं.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. ७०१ किलोमीटर, नागपूरहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत. पाय गमावलेला नागपूरचा एखादा तरुण आता सकाळी निघून संध्याकाळी समुद्र बघू शकतो. पण बघूच शकतो. रस्ता संपतो तिथून ओल्या वाळूपर्यंतचे पन्नास मीटर त्याला कुणाच्या तरी पाठीवर बसून पार करावे लागतात. गुंडाळता येणारी चटई, रुंद फुगीर चाकांची तरंगणारी खुर्ची आणि अपंग माणसाला कसं उचलायचं हे शिकलेले दोन जीवरक्षक, एवढं लागतं. महामार्गाच्या खर्चाशी त्याची तुलनाही होणार नाही.

पॅरा-सर्फिंगवाल्यांनी आता २०३२ च्या ब्रिस्बेनवर डोळे लावले आहेत. तोवर नागपुरात करण्यासारखं पुष्कळ आहे. शहरातल्या एका तरी सार्वजनिक तलावात व्हीलचेअरवरून पाण्यात उतरवणारी लिफ्ट बसवता येईल. कृत्रिम पाय देणाऱ्या केंद्रांना पाण्यात वापरायचा वेगळा पाय देता येईल आणि आठवड्यातून दोन तास त्या पायाने पोहायला शिकवणारा प्रशिक्षक नेमता येईल. कायदा लागू होऊन आठ वर्षांहून जास्त काळ उलटला. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात यासाठी एक ओळ हवी, आणि ती आहे की नाही हे नागपूरकरांनी वाचून पाहायला हवं.