संगमाच्या वरच्या अंगाला

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा या क्षेत्राला खानदेशात दक्षिणकाशी म्हणतात. परंतु केदारेश्वराचे दर्शन घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरणारा यात्रेकरू जे पाणी ओंजळीत घेतो, त्यातला गोमाईचा अंश बारा-पंधरा किलोमीटर वरच्या शहाद्याला वळसा घालून आलेला असतो, हे त्याच्या ध्यानी क्वचितच येते. 1955 मध्ये पुरातत्त्व खात्याने प्रकाशाला उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर हाती लागले. म्हणजे माणसाचे खरकटे पाणी या नद्यांच्या पदरी तीन हजारांहून अधिक वर्षे पडत आले आहे, आणि त्यांनी ते मुकाट्याने पचवले आहे.

हे पचन म्हणजे नदीचा जमाखर्चच होय. पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्चून सूक्ष्म जीवाणू मैला खातात आणि उथळ, खळाळत्या पात्रात हवेतून तो प्राणवायू पुन्हा जमा होतो. मात्र 2011 च्या खानेसुमारीत शहाद्याची वस्ती 61 हजारांवर गेली. माणशी 135 लिटर या सरकारी प्रमाणाने पाणी मिळाले आणि त्यातले ऐंशी टक्के मोरीवाटे परतले असे धरले, तर रोज सुमारे 66 लाख लिटर सांडपाणी होते. उन्हाळ्यात गोमाई आटते, तेव्हा पात्रातून वाहते ते गावाच्या नाल्याचेच पाणी. आणि खाली तापीवर सारंगखेडा व प्रकाशा येथे बॅरेज झाल्यापासून तेथला प्रवाहही पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 दूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यातले 53 महाराष्ट्रातले. त्यांत गोमाई आहे आणि नवापूरची रंगावलीही आहे.

स्नानाच्या पाण्यातील मैला कुजवण्यास लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक प्राणवायू लागू नये, असा दंडक आहे. कच्च्या सांडपाण्याची ही भूक दोनशेच्या आसपास असते. ती नदीत जाण्यापूर्वी शमवणे, एवढाच शुद्धीकरणाचा अर्थ. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी जीवाणूंनी भरलेला गाळ टाकीतच राखून त्यात हवा फुंकण्याची रीत जाहीर केली. मोठ्या शहरांतील बहुतेक केंद्रे आजही तिच्याच आधाराने चालतात. पण ही रीत विजेची मिंधी आहे. हवा बराच वेळ बंद राहिली की टाकीतले जीवाणू गुदमरतात, आणि ज्या गावाने भारनियमनाचे दिवस काढले आहेत त्याला हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

नागपूरला 1958 मध्ये स्थापन झालेल्या, आज ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ज्या स्थिरीकरण तळ्यांचा पाठपुरावा केला, ती मला येथे अधिक शोभणारी वाटतात. पहिल्या खोल तळ्यात जड गाळ तळाशी बसून कुजतो. दुसऱ्या, दीड मीटरच्या आतबाहेरच्या तळ्यात शेवाळ सूर्यप्रकाशावर प्राणवायू निर्माण करते आणि जीवाणू तो वापरतात. शेवटच्या उथळ तळ्यात उन्हानेच रोगजंतू मरतात. ऊन ही तर आपल्या जिल्ह्याची हुकमी मिळकत! लागते ती जमीन, आणि तीही काही हेक्टर. शहाद्याभोवतीच्या पपई-केळीच्या काळ्या रानाचा धनी ती सुखासुखी सोडणार नाही, हे मान्य करूनच नगरपालिकेला दरखास्त मांडावी लागेल.

शिवाय तळी खोदून पाणी आपोआप तेथे येत नाही. घरोघरच्या मोऱ्या आणि शौचकूपांच्या टाक्यांचे निथळ उघड्या गटारांतून जिकडे उतार तिकडे जाते. ते गोमाईच्या काठावर अडवून वळवणारी वाहिनी आधी हवी. मग तळ्याच्या बांधावरचे गवत कापणारा, तरंगणारी साय रोज काढणारा आणि काही वर्षांनी गाळ उपसवणारा एक माणूस हवा. यंत्राच्या मक्त्यासाठी जी तरतूद होते, तिच्याशेजारी अंदाजपत्रकात या माणसाच्या पगाराची एक ओळ असली पाहिजे.