गहू सुटला, पण हिंगाचं काय?

मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात धाकट्या मुलीला सिलिअ‍ॅक आजार असल्याचं निदान झालं, तेव्हा मला वाटलं, सोपं आहे. पोळी बंद, भाकरी सुरू. मराठवाड्यात ज्वारीला काय तोटा! पण तीन महिने उलटले तरी तिचं पोट दुखायचं थांबेना, वजन वाढेना. डॉक्टरांनी विचारलं, "फोडणीत हिंग कोणता घालता?" घरी येऊन डबीवरची बारीक अक्षरं वाचली. हिंगाबरोबर चक्क गव्हाचं पीठ!

मंडळी, हिंग म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. तो फार उग्र, म्हणून डिंक आणि पीठ मिसळून त्याला सौम्य करतात. हाच बांधानी हिंग. पीठ कधी तांदळाचं, कधी गव्हाचं. ही भेसळ नव्हे. वेष्टनावर घटक छापलेले असतात. आपणच वाचत नाही.

गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांत ग्लूटेन असतं. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारं अस्तर झिजतं. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. गव्हाशी असलेलं हे नातं हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडलं. आजही खरा उपचार एकच, जन्मभराचं पथ्य.

म्हणून घर तपासायचं. रवा, मैदा, शेवया उघड आहेत. पण दुधात घालायच्या पावडरीतलं माल्ट बहुधा जवाचं असतं. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणावडा तळला, तर तोही चालत नाही; तळून ग्लूटेन नष्ट होत नाही. गोळ्या-औषधांतल्या स्टार्चबद्दल औषध दुकानदाराला विचारावं. साबण, शाम्पूची धास्ती नको. त्वचेतून ग्लूटेन आतड्यापर्यंत जात नाही. मात्र लिपस्टिक, टूथपेस्ट तोंडात जातात, त्यांचे घटक पाहावेत. मुलांच्या खेळण्याच्या रंगीत मळलेल्या पिठात गहू असू शकतो, आणि तेच हात तोंडात जातात. आपल्याकडच्या नियमानुसार 'ग्लूटेनमुक्त' पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

सर्वांत मोठी फट मात्र गिरणीत होती. गव्हामागून ज्वारी दळली, की भाकरीतही गहू आला! उपवासाची भगर दळताना गिरणी झाडून घ्या, असं आपण किती हक्कानं सांगतो. मी गिरणीवाल्या काकांना तेच सांगून पाहिलं, पण झाडून सगळं पीठ निघत नाही. शेवटी घरगुती चक्की घेतली. तिच्यात गहू घालायचा नाही, हा घरचा नियम.

एक सूचना. शंका आली म्हणून परस्पर गहू सोडू नका. आधी रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केलेली तपासणी फसवू शकते.

आमची लेक आता भाकरी मागून घेते, आणि दुकानात गेलं की पुडा उलटा करून आधी मागची बाजू वाचते.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)