मोटारीची तेलाची तहान

दिवाळी हा तेलाचा सण. पणतीत तेल, अभ्यंगाला तेल, चकलीच्या कढईत तेल. आपल्या भाषेने तर तेलाला आणि मायेला एकच शब्द दिला आहे : स्नेह! परंतु ज्या घरात पंधरा-वीस वर्षांची मोटार आहे, तेथे तेलाचा आणखी एक खर्च निघतो आणि तो मात्र कोणीही स्नेहाने करीत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बॉनेट उघडावे, डिपस्टिक काढून पाहावी, तो तेल पुन्हा तळाशी! मग घरात परिषद भरते. चिरंजीव म्हणतात, “विकून टाका.” गृहिणी म्हणते, “अहो, पण चालते तर छान!” आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री सायलेन्सरकडे एक नजर टाकून निकाल देतो, “साहेब, इंजिन करावं लागेल.”

यांपैकी कोणाचेही म्हणणे खरे असू शकेल. अडचण एवढीच की, तिघांपैकी कोणीही मोजमाप केलेले नसते. तेल पिणाऱ्या मोटारीच्या बाबतीत पहिला नियम असा की, आधी मोजावे, मग तेल कोणत्या वाटेने जाते ते शोधावे आणि त्यानंतरच पाकिटाला हात घालावा.

किती प्यावे?

तेल मुळीच न पिणारे इंजिन नसते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. धातूवर धातू घासू नये म्हणून सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा अतिशय पातळ थर असावा लागतो. पिस्टनला साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः स्फोटाचा दाब धरून ठेवतात आणि खालची तिसरी जास्तीचे तेल खरवडून परत खाली पाठवते. जो थर उरतो त्यातला थोडासा भाग पेट्रोलबरोबर जळणारच. म्हणूनच काही युरोपीय कंपन्या आपल्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानतात. आपल्याकडच्या लहान मोटारी धडधाकट असताना याहून पुष्कळच कमी तेल घेतात. तेव्हा एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत पाव-अर्धा लिटर कमी झाले, तर झोप उडवून घेण्याचे कारण नाही. हजार किलोमीटरला लिटरभर जाऊ लागले, तर मात्र इंजिन काहीतरी सांगते आहे असे समजावे.

मोजण्याची रीत घरच्या वाणसामानाच्या हिशेबाइतकी सोपी आहे. तेल वरच्या खुणेपर्यंत भरावे, मीटरवरचे किलोमीटर वहीत टिपावे आणि पुढल्या हजार किलोमीटरांत जेवढे तेल घालावे लागेल तेवढे मापाने मोजून लिहावे. “फार पिते हो!” या तक्रारीपेक्षा वहीतला आकडा मिस्त्रीला अधिक उपयोगी पडतो.

लाल दिव्याचा भरवसा

ज्यांच्या घरी एके काळी फियाट किंवा पद्मिनी होती, त्यांना तेलाची काडी काढून पाहण्याची सवय असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढे त्या वर्गाच्या मोटारी घरोघर झाल्या. त्या इतक्या मुकाट्याने चालत की, बॉनेट उघडण्याचे काम सर्व्हिसिंगवाल्याकडे गेले ते गेलेच. मारुती ८०० ची निर्मिती २०१४ च्या आरंभी थांबली. म्हणजे आज तिच्यातली धाकट्यात धाकटीही दहा वर्षांपुढची आहे. गाडी वयात आली, पण काडी पाहण्याची सवय घरात परतली नाही.

“तेल कमी झाले, तर समोरचा लाल दिवा लागेलच की!” असे पुष्कळांना वाटते. हा समज घातक आहे. बहुतेक जुन्या मोटारींत तो दिवा तेलाची पातळी दाखवीत नाही, दाब दाखवतो. तेल इतके खाली जावे की पंपाला ते मिळेनासे व्हावे, तेव्हा तो पेटतो. त्या क्षणी बेअरिंगे कोरडी पडू लागलेली असतात. तो दिवा चालत्या गाडीत लागला, तर “पुढच्या पंपावर बघू” म्हणू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.

शहरातल्या मोटारीच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. शाळा, मंडई, देऊळ अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. थोडे न जळलेले पेट्रोल आणि ओलावा तेलात मिसळतो. तेल खपत असते, पण ही भेसळ त्याची जागा भरून काढते आणि काडीवरची पातळी जागच्या जागी दिसते. मग दिवाळीच्या सुट्टीत गाडी कोल्हापूरला निघते. दोन-तीन तास इंजिन तापून चालले की, मिसळलेले पेट्रोल व पाणी उडून जाते आणि पातळी एकदम खाली येते. तीही नेमकी घाटात, मुलेबाळे आणि सामान भरलेले असताना. म्हणून लांबच्या प्रवासाआधी काडी पाहावीच, वाटेतही एकदा पाहावी आणि डिकीत त्याच प्रतीच्या तेलाचा डबा ठेवावा.

काडी पाहण्याचीही पद्धत आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, तापलेले इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे तेल खाली उतरू द्यावे, काडी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण घालून बाहेर काढावी आणि मग पातळी वाचावी. वरच्या खुणेच्या पलीकडे तेल भरणे हा औदार्याचा विषय नव्हे. जास्त तेल क्रँकने घुसळले जाते, त्याला फेस येतो आणि सीलमधून ते बाहेर वाट शोधते.

तेलाच्या चार वाटा

पहिली वाट गळतीची. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, चेंबरचे पॅकिंग, क्रँकची ऑइल सील ही जुनी झाली की तेल पाझरते. फरशीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नये. काही गळती चालत्या गाडीतच होते आणि तेल तापलेल्या पाइपावर पडून जळून जाते. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरावा आणि इंजिन स्वच्छ धुऊन चार दिवसांनी पुन्हा पाहावे.

दुसरी वाट ब्रीदरची. रिंगांच्या फटींतून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर घेण्यासाठी नळी असते आणि पुष्कळ गाड्यांत पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. ही वाट काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून किंवा हवेच्या नळीतून बाहेर ढकलले जाते. साफ करायला अगदी स्वस्त असलेला हा भाग पुष्कळदा कोणी पाहतच नाही.

तिसरी वाट व्हॉल्व्ह सीलची. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची ही रबरी टोपणे उष्णतेने वर्षानुवर्षे कडक होत जातात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताच निळसर धुराचा एक भपका टाकून शांत होते, किंवा घाट उतरून पाय पुन्हा अॅक्सिलरेटरवर पडताच धूर काढते, तेव्हा संशय येथे घ्यावा.

चौथी वाट रिंगांची, आणि हीच खर्चाची. चढावर, भरल्या गाडीने जोर लावताना धूर सतत येतो, पिकअप गेलेला असतो, प्लग तेलाने ओले निघतात. कधी रिंगा झिजलेल्या असतात, तर कधी काजळीने खाचेत नुसत्या चिकटून बसलेल्या असतात. तेल जळून काजळी होते, काजळीने रिंग अडकते आणि अडकलेल्या रिंगेमुळे आणखी तेल जळते, असे हे चक्र आहे.

धुराचा रंगही ओळखून ठेवावा. निळसर धूर तेलाचा, काळा जास्तीच्या पेट्रोलचा. थंडीतल्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. मात्र गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर रेडिएटरचे पाणी पाहावे.

तिसरी वाट की चौथी, याचा निवाडा अंदाजाने होत नाही. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजतात. जो सिलिंडर कमी भरेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला, तर दोष रिंगांकडे किंवा बोअरकडे. वाढला नाही, तर व्हॉल्व्हच्या बैठकीकडे किंवा गॅस्केटकडे. चारही आकडे उत्तम असूनही सकाळचा भपका येत असेल, तर बहुधा फक्त सील बदलण्याचे काम आहे. मिस्त्रीला नम्रपणे म्हणावे, “आकडे कागदावर लिहून द्या.” चांगला कारागीर याचा राग मानीत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांना “फुल इंजिन” सांगण्यात आले होते. पत्नीला दर आठवड्याला इस्पितळात न्यायचे असल्याने गाडी महिनाभर गॅरेजात ठेवणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांनी दुसरीकडे कॉम्प्रेशन मोजून घेतले. ते चांगले निघाले. ब्रीदर साफ झाला, टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि व्हॉल्व्ह सील बदलली आणि काम तीन दिवसांत आटोपले. प्रत्येकाचे नशीब असे निघेल असे नाही. पण विचारल्यावाचून ते कळतही नाही.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

या आजारावर दोन घरगुती औषधे फार लोकप्रिय आहेत. एक, जाड तेल. पुस्तिकेने परवानगी दिलेल्या मर्यादेतले जरा जाड तेल वापरल्यास खप थोडा उतरतो, हे खरे. परंतु त्याहून जाड तेल अरुंद वाटांतून वेळेवर पोहोचत नाही आणि सकाळी इंजिन सुरू होतानाची झीज वाढते. दुसरे औषध बाटलीतले. काही द्रव्ये कडक सील थोडी मऊ करतात, काही चिकटलेली रिंग सोडवूही शकतात. झिजलेला धातू मात्र कोणतीही बाटली परत आणून देत नाही. गाडी विकण्यापूर्वी धूर दबावा म्हणून जे असले औषध घालतात, त्यांच्याविषयी न बोलणेच बरे.

नाकापेक्षा मोती जड?

रिंगाच गेल्या असतील, तर प्रश्न हिशेबाचा होतो. वर्षाला ५,००० किलोमीटर चालणारी गाडी हजाराला अर्धा लिटर पीत असेल, तर वर्षाचे तेल अडीच लिटर. उलट इंजिन खोलून रिंगा बदलायच्या, बोअर करायचा, तर खर्च पाच आकड्यांत जातो. निव्वळ रुपयांच्या हिशेबाने तेल घालीत राहणे स्वस्त, असे कोणीही म्हणेल.

पण या हिशेबात एक रकमेची नोंद राहून जाते. तो निळा धूर आपल्या नाकात जात नाही. मागच्या रिक्षातल्या, सिग्नलला उभ्या असलेल्या शाळकरी पोराच्या नाकात जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत जळलेल्या तेलाची राख तोही निकामी करीत जाते. म्हणून धूर डोळ्यांना दिसू लागला की, तेल घालीत राहण्याची मुदत संपली असे मानावे.

मग तीन प्रश्न विचारावेत. पत्रा आणि चेसिस शाबूत आहेत काय? सुटे भाग मिळतात काय? आणि नोंदणीची किती वर्षे उरली? खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात अशा जुन्या गाड्यांवर पर्यावरण करही आहे. तिन्ही उत्तरे अनुकूल असतील, तर नीट बांधलेले इंजिन पुष्कळ वर्षे सेवा देईल. पत्राच सडला असेल, तर मात्र इंजिनावर पैसा ओतणे म्हणजे तेलही गेले, तूपही गेले आणि हाती धुपाटणे आले!

निर्णय काहीही होवो, तो लागेपर्यंत दर रविवारी काडी पाहण्याचे काम घरातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. पाच मिनिटे लागतात, हात थोडे काळे होतात आणि यंत्र ऐन प्रवासात दगा देण्यापूर्वी आपल्याशी बोलत असते, हे त्या वयात एकदा कळले की जन्मभर विसरत नाही.